हेदाच्या लाकडाचा वाघ

सरसाचा वास ज्याने घेतला नाही, त्याने लाकडातल्या जडावकामाचं खुशाल कौतुक करावं. गुरांची कातडी उकळून केलेली ती खळ चुलीवर रटरटू लागली की कर्जतच्या आमच्या दुकानासमोरून माणसं नाक दाबून जात. माझ्या हातांना तर तो वास कायमचाच. बायको भाकरीची थाळी लांबूनच सरकवायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

लढाईची वर्षं होती. सुतारकाम आटलं होतं आणि खोपोलीच्या कारखान्यात भोंग्यावर उठायला जाण्याची पाळी आली होती. त्या भोंग्याचा मला मनापासून तिटकारा. तेवढ्यात माथेरानच्या एका हॉटेलमालकाचा सांगावा आला. जेवणघराच्या भिंतीसाठी लाकडात जडवलेला वाघ करून दे, पसंत पडला तर हॉटेलचं बारमाही काम तुझं.

वाघ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाहिला होता तो शिवेवरचा वाघदेव, बसलेला, वर एकीकडे सूर्य आणि एकीकडे चंद्र. तोच सागाच्या फळीवर उतरवला. अंग पिवळ्या हेदाचं, पट्टे शिसवीचे, मिशा पांढऱ्या कुड्याच्या. पटाशीने खाच पाडायची, तुकडा घासून बेताचा करायचा, सरस लावून दाबून ठेवायचा. सूर्य-चंद्रही जडवले. त्यांच्याशिवाय वाघ काढतात हे मला ठाऊकच नव्हतं. बायकोने नाकाला पदर लावून का होईना, त्याला कुंकू लावलं.

मालक बघायला आला. पानाचा लाल फेस त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत साचला होता. तो हसला आणि त्याचे शिंतोडे फळीवर उडाले.

"अरे, मला काय देऊळ बांधायचंय? माझ्या गिऱ्हाइकांना शिकार बघायची असते. मेलेला पाहिजे. डोळे मिटलेले, जीभ बाहेर. आणि हे सूर्य-चंद्र काढून टाक."

गोळी कुठे लागली तेही त्याने थुंकीने ओल्या झालेल्या बोटाने दाखवलं. त्याला तिथल्या तिथे हाकलून द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं शेठ." वर हसलोसुद्धा, लाचार मेला.

गरम पाण्याने सरस सैल करून मी सूर्य-चंद्र काढून त्यांच्या खाचा बुजवल्या, वाघाचे डोळे उचकटले आणि तिथे हेदाच्या पापण्या बसवल्या. लाल खैराची जीभ केली, छातीवर त्याच खैराचा रक्ताचा ओघळ केला. त्याला आडवा पाडायला वेळ नव्हता, म्हणून तो बसल्या जागीच मेला. इतकं ओंगळ काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. मालकाला ते फार आवडलं.

पावसाळ्यात बंद झालेली माथेरानची गाडी अजून सुरू व्हायची होती, म्हणून नेरळहून फळी खांद्यावरच न्यावी लागली. पुढचं टोक माझ्याकडे, मागचं ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याकडे. अर्ध्या वाटेत टेकलो तेव्हा फळीवर गुंडाळलेलं गोणपाट घसरलं. म्हातारा वाघापुढे उकिडवा बसला आणि त्याने हात जोडले.

"कुनी मारला रं?"

"सायबानं," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

त्याने मिटल्या पापण्यांवरून बोट फिरवलं. "आन डोलं कुनी मिटलं?"

"मी."

"बरं केलंस. आपल्या मानसानं मिटाया पायजेत."

मग डोक्याचं फडकं सोडून तो वाघाच्या छातीवरचं रक्त हळूहळू पुसू लागला. खैराचं लाकूड ते, जाणार कसं? तरी तो पुसतच राहिला. मला माझीच शिसारी आली. खरं सांगायला हवं होतं. पाठ फिरवून पुढचं टोक उचललं.

हॉटेलचं काम मला मिळालं.