बाळोजीचं पान

वंशावळी सांगणारे ईरप्पा हेळवी पायांवर घोंगडं घेतल्याशिवाय चोपडी उघडायचे नाहीत. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष पायानं अधू होता, बैलावर बसून दारोदार जायचा. म्हणून हा धडधाकट माणूसही मांडीवर घोंगडं ओढायचा आणि लोकांच्या आठ-आठ पिढ्या वाचायला लागायचा. कोण कुणाचा, कुठनं आला, कुणाला दत्तक गेला. दर तीन वर्षांनी सुगी आटपली की आमच्या दारात त्यांची घंटा वाजे.

"आला बघा आमच्या घरचा सीआयडी!" आई म्हणायची.

"सीआयडी गुपचूप लिवतोय, वैनी," ईरप्पा हसायचे. "म्या तुमच्या तोंडावर वाचून दावतो."

त्यांचा नेमच तसा होता. ज्या घराचं लिहिलं, ते त्या घरातच वाचायचं. चांगलं तेवढं नाही, उणंसुद्धा. बाहेरच्या कुणी त्या घराची चौकशी केली, सोयरिकीसाठी म्हणा नाहीतर आणखी कशासाठी, तर कोण आला आणि काय विचारून गेला, हेही त्याच पानावर चढवायचं. अशी एकशे त्रेसष्ट घरं. काही पन्हाळ्याकडची, काही सीमेपलीकडची. सगळी एका लोखंडी ट्रंकेत, लाल फडक्यात बांधलेली.

१९९८च्या डिसेंबरात ही ट्रंक जायची वेळ आली.

जयसिंगपुरात बाजारामागं त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बायको वारलेली, मुलगी दानेश्वरी शिवणकाम करायची. सकाळी दहाला एक जण दारात उभा राहिला. पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट.

"हेळवी इथंच राहतात ना?"

"या की पावणं. कुठलं म्हनायचं?"

"सरकारचा माणूस आहे."

"कुठल्या खात्याचं?"

"खात्याचं नाव ऐकून काय करणार?" साहेब खुर्चीवर बसले. "पुढच्या शुक्रवारी मॉरिशसचे एक मंत्री हंबीरराव वरुट्यांच्या घरी येताहेत."

"व्हय, पन्हाळ्याखाली. त्या मंत्र्याचा पणजा बाळोजी हितनंच गेलता, उसाच्या कामाला. मलाच बोलीवलंय वाचायला."

"मग मला आज वाचून दाखवा."

"ते वरुट्याच्या घरात वाचायचं असतंय."

साहेबांनी ट्रंकेकडं बघितलं. आवाज जराही चढवला नाही. "दोन राज्यांतल्या लोकांची खासगी माहिती तुम्ही घरात ठेवता. परवानगी कुणाची? मी एक कागद काढला, की हे सगळं सरकारजमा. तुम्हाला एक पावती मिळेल. ती वाचत बसा दारोदार."

ईरप्पांच्या पाच पिढ्यांचं लिखाण त्या ट्रंकेत होतं. त्यांनी घोंगडंही घेतलं नाही, तसंच पान काढलं आणि वाचलं. बाळोजी आणि सुभाना, सख्खे भाऊ. शेताला पाणी पाजायच्या पाळीवरनं भांडण. बाळोजीच्या हातात विळा. सुभाना तिसऱ्या दिवशी गेला. बाळोजी त्याआधीच घाट उतरून कोकणात, तिथनं मुंबईला, तिथनं जहाजावर.

"छान," साहेब म्हणाले. "तिकडं प्रत्येक भाषणात हे मंत्री सांगतात, माझा पणजोबा इंग्रजांच्या जुलमानं देशोधडीला लागला."

"मग आता ह्येचं तुमी काय करनार?"

"काही नाही. ठेवून देणार."

"पन ते आपलं दोस्त हाईत न्हवं? पेपरात हार घातल्याला फोटू हाय की."

"म्हणून तर. शत्रू वाईट वागणार हे धरूनच चालायचं असतं. दोस्तानं उद्या एखादं मोठं काम आपल्याला सोडून भलत्याला द्यायचं ठरवलं, तर आपल्या हातात काहीतरी पाहिजे."

मशीनवरनं मान वर न करता दानेश्वरी म्हणाली, "मंजे लगीन लागायच्या आदीच काडीमोडाचा कागद करून ठेवायचा."

"मुलगी तिखट आहे."

"तिची आई संकेश्वरची," ईरप्पा घाईघाईनं म्हणाले. "मिरचीच्या गावची. मनावर घेऊ नगा सायेब."

साहेब उठले. "शुक्रवारी विळ्याचं वाचायचं नाही. त्यांना ते आमच्याकडून कळेल, गरज पडली तर. मी येऊन गेलो हे बोलायचं नाही. लिहायचं तर मुळीच नाही."

जीपचा आवाज लांब गेला. ईरप्पा पुन्हा पानापाशी बसले. थोड्या वेळानं दानेश्वरीनं बघितलं, तर बाप टाकाचं टोक पुसत होता.

"अप्पा, काय लिवलंसा?"

ईरप्पांनी पानाकडं बघितलं, मग तिच्याकडं. चेहरा पांढराफटक पडला.

"चाळीस वर्सांची सवं. हात गेला."

"खोडा की मग!"

"चोपडीत खोडत न्हाईत."

"मग फाडा ते पान."

"फाडलं तर सुभानाबी जाईल त्येच्यासंगं. आदीच एकदा मेलाय त्यो."

पुढचे आठ दिवस चोपडीच्या लपवाछपवीतच गेले. त्यांनी चोपडी कणगीत लपवली, उंदीर कुरतडतील म्हणून काढली, शेजारच्या विद्याश्रीकडं ठेवली, तासाभरात परत आणली. रस्त्यावर गाडी थांबली की ते उठून उभे राहायचे. "दूधवाला हाय अप्पा, बसा," दानेश्वरी म्हणायची. ते बसायचे, पण दाराकडं तोंड करून.

शुक्रवारी दुपारी वरुट्यांच्या अंगणात मांडव भरला. मंत्री साठीचे, ठेंगणे. गाडीतनं उतरताच त्यांनी अंगणातली माती कपाळाला लावली. मराठी बोलायचे, पण सावकाश, जपून ठेवलेलं भांडं काढावं तसं एकेक शब्द काढत. तिसऱ्या रांगेत साहेब होते. त्यांनी ईरप्पांकडं एकदाही बघितलं नाही. ईरप्पांना त्याचीच जास्त भीती वाटली.

दानेश्वरीनं घोंगडं बापाच्या पायांवर टाकलं. वाचन सुरू झालं. आवाज नेहमीचा खणखणीत नव्हता. मागची माणसं "मोठ्यानं, मोठ्यानं" ओरडायला लागली. बाळोजीचं नाव आलं. ईरप्पा थांबले. मधल्या ओळी गाळल्या.

"बाळोजी... समुद्रापार गेला."

मंत्र्यांनी हात जोडले. टाळ्या पडल्या. आता एकच रीत उरली होती. घरातल्या थोरल्या माणसानं चोपडीवर हात ठेवून विचारायचं, हेळव्यानं उत्तर द्यायचं, मग जेवणं. हंबीररावांच्या ऐंशीच्या आई, चिमणाबाई, काठी टेकत पुढं आल्या. सुरकुतलेला तळवा पानावर ठेवला.

"लिवल्यालं समदं वाचलंस न्हवं, ईरप्पा?"

'वाचलं' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. ईरप्पा चोपडी मिटायला गेले, पण म्हातारीचा तळवा पानावरच होता. चाळीस वर्षांत या प्रश्नाला त्यांनी खोटं उत्तर दिलं नव्हतं. पण तिसऱ्या रांगेतले ते बूट त्यांना दिसत होते.

"बोल की बाबा. भूक लागलीया समद्यास्नी."

"न्हाय वाचलं," ईरप्पा म्हणाले.

मग त्यांनी वाचलं. पाण्याची पाळी, विळा, सुभाना. एकदा सुरू झाल्यावर थांबायची हिंमत नव्हती, थांबले असते तर पुढं वाचताच आलं नसतं. म्हणून शेवटची ओळही त्याच दमात आली. "मार्गशीर्ष वद्य. एक सरकारी माणूस आला. नाव सांगितलं न्हाय. बाळोजीचं विचारलं. म्या भ्यालो म्हणून सांगितलं. पावण्याला कळू देऊ नको म्हणाला."



हंबीरराव ताडकन उठले. "अरं हेळव्या, डोस्कं फिरलं काय? पावण्याच्या म्होरं ह्यो तमाशा!"

"हंबीर, गप बस," चिमणाबाई म्हणाल्या. त्या मंत्र्यांकडं वळल्या. "आमी दर तीन वर्सानं ऐकतो की हे. तुमच्या पणज्यानं आमच्या पणज्याला मारलं. शंभराच्या वर वर्सं झाली. मारनाराबी वरुटे, मेल्यालाबी वरुटे. नातं कुठं तुटतंय? चला, हात धुवा."

मंत्री उठले. मग चिमणाबाईंच्या पायाशी वाकले आणि तसेच बसून राहिले.

पंगतीत त्यांनी ईरप्पांना शेजारी बसवलं. ताटाकडं बघत हळूच म्हणाले, "माझ्या देशातसुद्धा एक मनुष्य आहे. तुमच्या वकिलातीत कोण येतो, कोण जेवतो, ते लिहितो. मीच त्याला ठेवला. मला वाटे, मित्रावर लक्ष ठेवणं म्हणजे काळजीच."

"आन् आता?"

"आता मला घास गिळवत नाही."

"मलाबी," ईरप्पा म्हणाले.

निघताना साहेब त्यांच्या अगदी जवळनं गेले. "आता त्या माहितीचा काय उपयोग?" आवाज तसाच, खालचा. "सोमवारी दप्तर तयार ठेवा. जीप येईल."

एस.टी.त दानेश्वरीनं बापाचा हात धरला होता.

"अप्पा, पळून जाऊया. आत्याकडं."

"ट्रंक घिऊन कुठं पळतीस?" बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ट्रंकंत कायबी नसलं तर?"

त्या रात्री आणि शनिवारी बापलेकीनं चोपड्यांची शिवण उसवली. एकेका घराची पानं वेगळी केली. दानेश्वरीनं शिवायला आलेल्या कापडाच्या चिंध्यांत ती बांधली. रविवारी ईरप्पा पिशव्या घेऊन निघाले. सोमवारी जीप आली. साहेब नव्हते, दुसरेच दोघे होते. त्यांना ट्रंकेत रिकामे पुठ्ठे आणि लाल फडकं मिळालं. ते त्यांनी नेलं आणि दानेश्वरीच्या हातात खरंच एक पावती ठेवली.

आमच्याकडं ईरप्पा होळीच्या सुमाराला आले. घंटा वाजली नाही. दार ढकलून आत आले, आधी मागं वळून गल्लीत बघितलं. अंगानं निम्मे राहिले होते. घोंगडं नव्हतं, आईनं घरातली चादर त्यांच्या पायांवर टाकली. त्यांनी आमचं पान शेवटचं वाचलं आणि आईच्या ओटीत घातलं.

"हे काय? आमी काय करायचं ह्येचं?"

"जपायचं. पुढचं तुमचं तुमी लिवायचं."

"आन् कुनी ईवून विचारलं तर?"

"भ्या वाटंल," ईरप्पा म्हणाले. "लई वाटंल, वैनी. मला अजून वाटतंया."

"चहा टाकते. बसा."

"नगं. एकोणचाळीस घरं ऱ्हायल्यात." ते उठले, पिशवी छातीशी धरली. पुढच्या दाराकडं दोन पावलं गेले आणि थांबले. "मागलं परड्याचं दार उघडं हाय का, वैनी? तिकडनं जातो."