ओल्या मैदानावर पाऊल नाही

शिट्टीकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि तो कागद महिन्यातून एकदाच बाहेर निघायचा. एरवी ते सगळ्यांचे शिट्टीकाकाच. गावातल्या एकुलत्या एका फुटबॉल मैदानाची राखण एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी, हातात रबरी पाईप आणि तोंडात मतं. पाईप अधूनमधून खाली ठेवलेला दिसे. मतं खाली ठेवलेली कुणी पाहिली नव्हती.

मैदानाच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसून ते रोज तोंडसुख घेत.

"आताचा खेळ म्हणजे पळती जाहिरात. गोल कुणी मारला ते विसरायला होतं, पण त्याच्या छातीवर कुठला साबण होता ते घरी गेलं तरी आठवतं."

मग राजकारण. "दोन्ही पक्षांच्या सभा मी याच मैदानावर ऐकल्या. पुढारी बदलले, झेंडे बदलले. खुर्च्यांचा कंत्राटदार मात्र तोच."

आणि शेवटी सणवार, म्हणजे हल्लीचे, दुकानांनी काढलेले. "आईचा दिवस, बापाचा दिवस, आजी-आजोबांचा दिवस. उरलेले दिवस काय शेजाऱ्यांचे?"

टपरीवाला म्हणायचा, "काका, चहा थंड होतोय." ऐकणारे हसायचे, मान हलवायचे आणि कामाला लागायचे. काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तेच ते रोज ऐकून लोकांच्या कानांना सवय झाली होती.

मैदानाच्या बाबतीत मात्र त्यांचा एकच नियम होता आणि तो गावातल्या लहान पोरालाही पाठ होता. पाणी सोमवारी आणि गुरुवारी. त्यानंतर एक पूर्ण दिवस मैदानावर कुणाचंही पाऊल पडायचं नाही. कुणी आडवाटेने निघालं की शिट्टी वाजलीच. "ही माती कोरडी असताना हिच्यावरून रोलर फिरवा, हूं की चूं करणार नाही," ते सांगायचे. "ओली असताना नुसती टाच टेकवलीत, तर वर्षभर तो खड्डा दाखवत बसेल." एकदा खुद्द नगराध्यक्षांना त्यांनी शिट्टी मारून परत फिरवलं होतं. ती गोष्ट काका स्वतः सांगत नसत. दुसऱ्याने काढली की फक्त शिट्टी शर्टाला पुसायचे.

त्या वर्षी त्यांना मैदानाची जरा जास्तच काळजी होती. मुलींच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना पाळीपाळीने गावोगाव होई आणि या खेपेला पाळी इथली होती. काकांची नात, लेकीची लेक, शाळेच्या संघाची गोलकीपर होती. पंधरा वर्षांची, हात लांब, बोलणं कमी. लेक-जावई मागच्याच गल्लीत राहत, पण नात शाळेतून सुटली की थेट आजीकडे. दोन वर्षांपूर्वी परक्या गावात, परक्या मैदानावर तिच्या हातून शेवटच्या मिनिटाला चेंडू सुटला होता. तेव्हापासून ती या सामन्याची वाट पाहत होती.

स्पर्धेचा एक कडक नियम होता. यजमान शाळेने खेळण्याजोगं मैदान द्यायचं. पंचांनी ते नापास केलं, तर सामना न खेळताच पाहुण्या संघाला जायचा.

काकांनी दोन्ही गोलांसमोरचे टकले पट्टे खणून, चाळलेली माती घालून नवं गवत लावलं होतं. चाळीस दिवसांची विश्रांती म्हणून भोवती दोरी बांधली होती. त्या चाळीस दिवसांत काय काय व्हावं! आधी एका कंपनीचा प्रदर्शनीय सामना झाला. जाहिरातींचे फलक रोवायला त्यांच्या माणसांनी हातभर लांबीचे खिळे ठोकले. मग आजी-आजोबांच्या दिवसाचा मेळा भरला. तीन दिवस फुगे, गाणी आणि कागदाच्या बशा. काका सकाळी काटकीने बशा उचलत आणि टपरीवर येऊन तोफ डागत.

त्याच मेळ्यातून नातीने साठवलेल्या पैशांतून एक कप आणला. कपावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : जगातले सर्वांत चांगले आजोबा.

काकांनी तो उलटा करून बुडाची किंमत वाचली. "अगं, असे पाचशे कप मी मोजलेत त्या दुकानात. पाचशेही आजोबा सर्वांत चांगले? दुकानदाराची माया आहे ही, बाळा. तुझी नव्हे."

आजीने कप फळीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, एखादं मत गिळलं तर पोट नाही बिघडत तुमचं."

सामन्याला नऊ दिवस उरले असताना, शुक्रवारी, नगरपालिकेचा कारकून कागद घेऊन आला. त्याला गाव "तूर्तास" म्हणे, कारण त्या शब्दावाचून त्याचं एकही वाक्य सुरू होत नसे.

"तूर्तास परवा रविवारी सभा आहे, काका. स्टेज मधोमध."

"मधोमध? आणि पुढच्या रविवारी मुली काय स्टेजवर खेळणार आहेत?"

"तूर्तास वरून आलंय."

"वरून काय काय येतं ते एकतीस वर्षं झेलतोय मी. चौकात घ्या ना सभा. मागे घेतली होती की!"

"तेव्हा पाऊस झाला होता. मैदान ओलं होतं म्हणून हलवली," तूर्तास म्हणाला आणि पोचेवर सही घेऊन निघून गेला.

काकांनी ते वाक्य मनात दोनदा घोळवलं.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. पाण्याचा वारही नव्हता. सकाळी सहाला काकांनी दोन्ही व्हॉल्व पूर्ण उघडले आणि चार तास मैदान भिजू दिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी असं पाणी कधी सोडलं नव्हतं. फाटकावरच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : मैदान ओले आहे. प्रवेश बंद. मग टपरीवर येऊन त्यांनी दोन चहा घेतले आणि त्या दिवशी एकही मत दिलं नाही. टपरीवाल्याने विचारलं, "बरं आहे ना?" काका म्हणाले, "आज फार बरं आहे."

अकराला ट्रक आले. पहिल्यातून कंत्राटदार उतरला. त्याने फळा वाचला आणि खिशातून आपला कागद काढला.

"काका, उद्या सकाळी स्टेज उभं पाहिजे. ओलं-कोरडं असलं काही माझ्या कागदात नाही."

"अहो, गाडी रुतेल!"

"माझी गाडी. रुतू दे."

काकांनी टपरीवाल्याच्या फोनवरून तूर्तासला गाठलं. "आज सुट्टी आहे हो. तूर्तास होऊन जाऊ दे," म्हणून त्याने फोन ठेवला.

पहिला ट्रक बाहेरच्या रेषेपासून वीस पावलांवर अडकला. त्याला ओढायला दुसरा आला, तो नव्या गवतात शिरला. दोरी चाकाला गुंडाळली गेली. तिसऱ्याने दोघांना ओढलं. काका चाकांसमोर उभे राहून शिट्टी वाजवत होते. तेवढ्यात पलीकडे कर्ण्यांची चाचणी सुरू झाली, "हॅलो, हॅलो," आणि शिट्टी त्यात बुडाली. एक ड्रायव्हर खिडकीतून हसला. "काका, आमच्याकडे पण आहे!" आणि त्याने हॉर्न दाबून धरला.

कोरडं असतं, तर त्या मैदानाने तीनही ट्रक सोसले असते. हे त्या क्षणी तिथे एकाच माणसाला ठाऊक होतं.

सभा ठरल्याप्रमाणे झाली. पुढचा आठवडा काकांनी चाकांचे चर बुजवण्यात घालवला. पण उन्हाने बुधवारपर्यंत चिखलाच्या विटा झाल्या होत्या. कुदळ आपटली की हाताला झिणझिण्या येत. रविवारी पंच आले, दोन्ही गोलांसमोर चालून पाहिलं, एका चरात घोट्यापर्यंत पाय घालून पाहिला.

"पोरींचे पाय मोडतील इथे," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाही वाईट वाटत होतं. कागदावर सही झाली. पाहुण्या संघाने न खेळता चषक नेला आणि त्यांनाही हसावं की काय ते कळेना. इथल्या मुली मोजे चढवून पायरीवर बसून होत्या. नातीने हातमोजे घातले होते; ते काढायला तिला संध्याकाळ झाली.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. सगळं गाव काकांच्या बाजूचं झालं. स्थानिक वर्तमानपत्रात चराशेजारी उभ्या असलेल्या काकांचा फोटो आला. टपरीवर लोक त्यांना जागा करून देऊ लागले. "तुम्ही इतकी वर्षं सांगत होता, आम्ही हसायचो. या पुढाऱ्यांनी खेळ खाल्ला." एकतीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि काकांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. घरी ते फळीवरच्या कपातून चहा पिऊ लागले. आजीने पाहिलं, विचारलं काहीच नाही.

नातीने मात्र विचारलं. एका दुपारी स्वयंपाकघरात, वहीत डोकं घालूनच.

"आजोबा, त्या शनिवारी मैदान ओलं कसं होतं? पाण्याचे वार तर सोमवार आणि गुरुवार."

काकांच्या जिभेवर 'नळ गळतो' आलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाणी मी सोडलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, ओलं दिसलं की सभा चौकात नेतील. तुझ्यासाठीच केलं गं."

तिने पेनाला टोपण लावलं. बराच वेळ लावतच राहिली.

"माझ्यासाठी केलं म्हणू नका," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांची जिरवायची होती."

काकांनी कप पुढे-मागे सरकवला.

"आणि मुलींना सांगा. शुक्रवारी सराव आहे. त्या सगळ्या त्या लोकांना शिव्या देतायत आणि मी गप्प बसायचं? नाही जमणार मला. तुम्ही सांगा."

"सांगतो."

"नक्की?"

"शब्द देतो, बाळा."

सराव आता शाळेच्या फरशीच्या अंगणात होई. शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काय बोलायचं ते रस्ताभर पुटपुटत गेले. चार वाक्यंच होती. ते दिसताच खेळाच्या बाईंनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि मुलींना ओळीत उभं केलं.

"मुलींनो, मैदानासाठी या गावात एकटा माणूस ट्रकसमोर उभा राहिला. तो हा." बाईंनी काकांकडे हात केला. "टाळ्या!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून, तळहात लाल होईपर्यंत. सगळ्यात पुढची लहानगी तर रडत होती. काकांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्यांच्याकडे इतक्या शांतपणे याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"मुलींनो," ते म्हणाले. "त्या दिवशी..."

त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली.

"त्या दिवशी जे झालं... ते होणारच होतं. या पुढाऱ्यांना खेळाचं सोयरसुतक नाही. पुढारी बदलतात, झेंडे बदलतात..."

पुढचं वाक्य आपोआप आलं, त्याच्या पुढचंही. एकतीस वर्षांची सवय होती, कुठेही अडखळायला झालं नाही. खुर्च्यांच्या कंत्राटदारापाशी मुली हसल्या आणि पुन्हा टाळ्या पडल्या. गोलाच्या दोन दगडांमध्ये नात उभी होती. तिच्या हातांत मोजे होते आणि हात खाली होते.

काका घरी आले ते मागच्या गल्लीने, लांबून. आजीने चहा स्टीलच्या पेल्यात पुढे केला.

"कप?" काकांनी विचारलं.

"मघाशी आली होती. घेऊन गेली."

"काही म्हणाली?"

"नाही," आजी म्हणाली. "किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती बुडाला. तेवढी नखाने खरवडून काढली आणि ठेवून गेली. ती बघा, खिडकीत."