दोन ते चार

गालाच शहरातल्या एका जुन्या इमारतीत दुपारी दोन ते चार कुणी साधा खिळा ठोकला, तरी लिओन्तिनाबाई खिडकीतून डाफरायच्या, "माणूस झोपलाय इथे!" नवरा सांदू पोलाद कारखान्यात रात्रपाळीला जायचा, तेव्हापासूनचा हा पहारा. सांदू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पहारा काही उठला नाही.

जूनमध्ये एक गायिका नव्या गाण्याचा व्हिडिओ करायला अंगणात आली. गालिचे झोडपायच्या लोखंडी दांडीभोवती पोरी नाचू लागल्या, स्पीकर दणाणला. दोन वाजून पाच मिनिटं झालेली. लिओन्तिनाबाई खिडकीत आल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि असे डोळे वटारले, की स्पीकरवाल्याने मुकाट्याने गाणं बंद केलं.

"अगं बाई, आता झोपतंय कोण तुझ्याकडे?" खालच्या मजल्यावरची झाम्फिरा ओरडली. लिओन्तिनाबाईंनी खिडकी धाडकन लावली.

महिन्याभराने झाम्फिराच फोन नाचवत वर आली. "बघ गं भवाने, गाण्यात आलीस!"

गाणं ऐन रंगात आलं असताना ती खिडकी दिसली, ओठांवरचं बोट दिसलं आणि तेवढ्यापुरतं गाणं थांबलं.

"डिस्कोत हे गाणं लागलं, की पोरं नेमकी या जागी ओठांवर बोट ठेवून गप्प उभी राहतात म्हणे," झाम्फिरा म्हणाली. " अख्ख्या देशात!"

लिओन्तिनाबाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग भिंतीवरच्या सांदूच्या फोटोकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकलंस? सगळे गप्प बसलेत. आता झोप रे शांत."