बाराव्या सुराची जागा

"बारावो इल्याशिवाय पयल्याक हाक मारूची नाय," असं म्हणून ते खिशातून मूठभर काजूच्या बिया काढत आणि अंगणात एका ओळीत मांडत. बी ठेवली की तिच्यावर एक बोट टेकवून क्षणभर थांबत, जणू ती उठून पळेल. मग पुढची. कोणी मधली बी उचलून चेष्टा केली की डोळे वटारत. एकदा शेजारच्या पोरांनी दोन बिया भाजून खाल्ल्या तेव्हा त्यांनी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "अरे, कोमल धैवत खाल्लास रे तुमी!"

ते म्हणजे आमच्या गावातले बँडवाले. नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. गाव त्याला हसतं आणि त्याच्याच अंगणात बसायला जातं. मी मालवणच्या बाजूच्या त्या खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. यजमान मुंबईला गिरणीत. शाळेच्या आणि बँडवाल्यांच्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढा. त्यामुळे ते काय करतात हे मला नको असलं तरी कळायचंच.

दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लढाई संपता संपता आजारी पडून इटलीत राहिले आणि बरे झाल्यावर तिथल्या एका नाटकघरात पडदे ओढायच्या कामाला लागले. तिथे एक ऑपेरा बसत होता. म्हणजे संगीत नाटकच, पण बोलणंसुद्धा सगळं गाण्यात आणि खाली खड्ड्यात वाजवणाऱ्यांची पलटण. नाटकाची गोष्ट काय होती असं मी विचारलं की म्हणत, "माका भाशा खंय समजत होती? मी सूर ऐकलंय."

आणि ते सूर त्यांच्या मानगुटीवर बसले होते. त्या ऑपेरात सप्तकातले बाराच्या बारा सूर एका ठरलेल्या ओळीत येत. बाराही वाजून झाल्याशिवाय पहिला पुन्हा घ्यायचा नाही. शिवाय ओळ एकाच वाद्याकडे नसे. पहिला सूर एकाने द्यायचा, दुसरा भलत्याच कोपऱ्यातून यायचा, तिसरा आणखी कुठून तरी. गावाला हे समजावताना त्यांनी देवळातला दाखला दिला. बारा मानकरी असतात, शेवटच्याच्या हातात नारळ पडल्याशिवाय पहिल्याला दुसरा मिळतो काय? लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "पण ह्या ओळीत थोरलो कोण नाय. सगळ्यांचो मान सारको." तेव्हा मात्र दोन मानकरी उठून घरी गेले.

असा ऑपेरा आपल्या गावात करायचा आणि एकदा तरी लोकांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. लग्न केलं नव्हतं, शेती भावाकडे. दुसरं काही मागत नव्हते बिचारे.

त्यांनी गावातून बारा सूर गोळा केले. पहिला स्वतःचा, क्लॅरिनेटचा. भजनीबुवांच्या पेटीतला एक, सनईवाल्याचा एक, देवळातल्या शिंगाचा एक, पडावावरच्या, म्हणजे मालाच्या गलबतावरच्या, पितळी घंटेचा एक, शिवाय काही गळे. प्रत्येकाने आपला एकच सूर सांभाळायचा. शाळेची घंटा नेमक्या हव्या त्या सुरात वाजते असा त्यांना शोध लागला, म्हणून अकरावी मी. माझं संगीताचं ज्ञान घंटेपुरतंच होतं, तरी दर रविवारी दुपारी मी हातोडी घेऊन तयार असे.

बारावा होता सदू. पंचविशीतला मच्छीमार, विधवा आईचा एकुलता. त्याच्याकडे वडिलांचा शंख होता. त्या शंखाचा सूर जाड आणि किंचित कापरा होता. तो ऐकून बँडवाल्यांनी डोळे मिटले होते. सदूची आई, जिला आम्ही सगळे काकी म्हणत असू, तालमीला गडग्यावर बसून ऐके आणि मुलाची पाळी आली की तोंडाला पदर लावून हसे.

गोष्ट त्यांनी स्वतःच रचली होती. बारा होड्या दर्यात जातात, वादळ होतं, मग एकेक होडी परत येते, प्रत्येक आपापल्या सुराने. शेवटची बारावी. तिचा शंख वाजला की खेळ संपला.

पहिल्यांदा पूर्ण ओळ वाजली तो रविवार मला आठवतो. अशा सुरांना घर नसतं. कान सारखा 'सा' शोधत राहतो, आणि आता सापडला असं वाटतं तोच तिथून हुसकावला जातो. शाळेचा शिपाई भिंतीला टेकून ऐकत होता. तो मध्येच उठला आणि बाहेर वाळत घातलेली चटई गुंडाळून आत घेऊन आला. आभाळ स्वच्छ होतं. आम्ही त्याला खूप हसलो, पण हसता हसता मीही एकदा वर पाहून घेतलं.

बुवा तर कुरकुरलेच. "घर खंय आसा ह्या सुरांक?"

"दर्यात घर खंय आसता, बुवा?" बँडवाले म्हणाले.

वादळाच्या भागात त्यांनी तीच ओळ शेवटाकडून पहिल्याकडे, उलटी लावली होती. बुवांनी पेटीवरचे हात काढून घेतले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते भल्यासाठी. तेच उलटं घातलं तर कुणाचं तरी वाईट होतं अशी समजूत. "उलटा गाऱ्हाणा बरा न्हय," बुवा म्हणाले. बँडवाल्यांनी त्यांची समजूत घातली आणि तालीम पुढे चालू झाली. पण त्या दिवशी कोणी चहाला थांबलं नाही.

खेळ ठरला कार्तिकात, किनाऱ्यावर, दुपार कलताना. सकाळी सदू एकटाच होडी घेऊन जाळी उचलायला गेला. शंख धुऊन देव्हाऱ्यात ठेवून गेला होता. दुपारी वारा पडला आणि ऊन हळदीसारखं पिवळं झालं. बाकीच्या होड्या घाईघाईने परत आल्या. सदूची आली नाही.

लोक जमलेले. काकी शंख मांडीवर घेऊन पुढे बसलेली. बँडवाल्यांनी दर्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "शंख ओळीच्या शेवटाक आसा. तवसर येतलो," ते म्हणाले, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली.

पहिला सूर गेला. दुसरा, तिसरा. एरवी पोरं हसली असती, पण त्या दिवशी सगळे दर्याकडे बघत होते. माझी पाळी आली, मी घंटेवर टोला दिला. त्यानंतर शंख हवा होता. बँडवाल्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

वारा सुटला होता. लाटांचा आवाज बदलला होता. बुवा हळूच म्हणाले, "तो सूर माझ्या पेटीत आसा. देतंय मी." त्यांनी बोट पुढे केलं.

"हात लावू नको!" काकी उठून उभी राहिली आणि बँडवाल्यांकडे वळली. "तुमीच म्हणतास मा, बारावो इल्याशिवाय पयल्याक हाक मारूची नाय? मगे थांबा. बारावो माजो झील आसा. तो येतलो."

आम्ही थांबलो. बँडवाल्यांचा हात वरच होता. समोरचं पाणी काळं होत गेलं, पाठीमागची माणसं एकेक करून उठून गेली. तो हात अखेर बुवांनी धरून खाली आणला.

सदू आला नाही. होडीचं फळकूटसुद्धा मिळालं नाही.

मग गावाने बोलायला सुरुवात केली. "तेनाच लिवल्यान, म्हणान झाला." बाराव्या होडीची गोष्ट बँडवाल्यांनी केली, ओळ उलटी त्यांनी लावली, आणि दर्याने ऐकलं. मच्छीमार सकाळी निघताना ते समोर दिसले तर होडी ओढायची थांबवत. मला हा मूर्खपणा वाटे आणि मी तसं तोंडावर सांगत असे. तरी खरं सांगते, त्यानंतर शाळा सुटल्याची घंटा दिली की मी क्षणभर तिथेच थांबायचे. घंटेनंतरच्या शांततेत मी नकळत काहीतरी ऐकू येण्याची वाट पाहायचे.

काकीने मात्र त्यांना बोल लावला नाही. तिने त्यांचा नियमच घट्ट धरून ठेवला. ओळ पुरी झाली नाही, म्हणजे सदू अजून यायचा आहे. म्हणून घराचं दर्याकडचं दार ती रात्रीही उघडंच ठेवी. ते तिच्या दारावरून गेले की ती विचारी, "वाजवलस नाय मा?"

"नाय गो काकी."

एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. अंगणात ते आता अकराच बिया मांडत. बारावी खिशात असे.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एका गणपतीत मुंबईचे दोन संगीतवाले आमच्याकडे आले. बुवांकडून सगळं ऐकून ते बँडवाल्यांच्या मागेच लागले. मुंबईत मोठ्या नाट्यगृहात हा खेळ करू, शंख वाजवणारा आम्ही आणतो, तुम्ही फक्त या. बँडवाल्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. जुना काळा कोट त्यांनी उन्हात घातला, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती बदलली. मग माझ्याकडे आले. "बाई, माझ्यावांगडा काकीकडे चला. माका एकट्याक बोलूक जमाचा नाय."

काकीने सगळं ऐकून घेतलं. आत गेली, शंख आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"घे हो शंख. पण मगे गावाक सांग, तो मेलो म्हणान."

बँडवाले शंखाकडे बघत बसले. त्यांचा हात एकदा पुढे झाला. मला वाटलं, उचलणार. उचलावा असंच मला वाटत होतं. त्यांनी शंखाखालची धूळ बोटाने पुसली आणि ते उठले. मुंबईकर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कसालमार्गे परत गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, थंडीत बँडवाल्यांच्या छातीत भरलं आणि ते गेले. सकाळी अंगणात, जिथे ते बिया मांडत तिथेच, तिरडी बांधली. न बोलावता आमच्यातले सगळे आपापला सूर घेऊन आले होते. मी शाळेची घंटा काढून आणली होती. पहिला सूर द्यायला कोणी नव्हतं. क्लॅरिनेट पेटीत बंद, त्यांच्या उशाशी होती. बुवांनी दुसऱ्यापासून खूण केली. शिंग, सनई, गळे, एकेक सूर गेला. मी टोला दिला. आणि सवयीने आम्ही सगळे थांबलो.

गडग्याच्या फटीतून काकी आत आली. फार म्हातारी झाली होती. पदराखालून तिने शंख काढला, तोंडाला लावला. नुसती फुंक निघाली. पुन्हा लावला. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि तो जाड, कापरा सूर सगळ्या वाडीवरून दर्याकडे गेला. इतक्या वर्षांनी तो ऐकला आणि मला रडू आवरेना.

"बारावो इलो," काकी बँडवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. "आता पयल्याक हाक मारा."

चौघांनी तिरडी उचलली. काकी शंख तिथेच, बियांच्या जागेवर ठेवून घरी गेली, आणि त्या दिवशी तिने दर्याकडचं दार पहिल्यांदा लावून घेतलं.