डावा स्पीकर

आमच्या राजूरला चतुर्थीच्या दिवशी मंदिराभोवती इतके कर्णे लागायचे, की गिऱ्हाईक काय मागतंय ते ओठांवरून ओळखावं लागायचं. मला त्या गोंगाटाचा लहानपणापासून तिटकारा. गावात माझं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि नव्वदनंतर धंद्याला बरे दिवस आले होते. जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना कंपनीवाले सहलीला न्यायचे. अशाच एका सहलीत मुंबईला बाकीची मंडळी चौपाटीवर भेळ खायला गेली आणि मी एका गाण्याच्या यंत्रांच्या दुकानात शिरलो. तिथल्या माणसानं मला खुर्चीत बसवलं, पडदे ओढले आणि एक सीडी लावली. समोर माणसाएवढे दोन लाकडी स्पीकर होते. पण आवाज त्यांच्यातून येतच नव्हता, तो मधल्या रिकाम्या जागेतून येत होता. गवयानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. सांगायला लाज कशाला, मी त्या खुर्चीत बसून रडलो.

पुढच्या हंगामानंतर जालन्यातला प्लॉट विकला आणि तो संच घरी आणला. बायको एवढंच म्हणाली, "आवो, तिथं आपलं घर झालं असतं." मी म्हणालो, "घर हाये की." तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढू दिला नाही.

मग घरात माझी हुकूमशाही सुरू झाली. मधल्या खोलीला जाड पडदे लागले. दुपारी जेवणानंतर मी ऐकायला बसलो की पंखा बंद, स्वयंपाकघरातला मिक्सर बंद, कुणी खोकायचंही नाही. बायको आणि आई त्या वेळी ओसरीवर जाऊन बसत. आत फक्त माझी सहा वर्षांची पोर यायची. खुर्चीला खुर्ची लावून, हात मांडीवर ठेवून, तासन् तास हूं की चूं न करता बसायची. पोरीनं माझा कान घेतलाय, असं मी दुकानात येईल त्याला सांगायचो.

तिचा डावा कान वाहायचा. आमच्याकडे कान वाहणं हा आजारच नव्हता. शाळेत अर्ध्या पोरांच्या कानात बोळे असायचे, माझ्याही असायचा. आई तेलात लसूण कडवायची, दोन थेंब कानात सोडायची आणि वरून घरच्याच कपाशीचा बोळा घालायची. पोर मोठी झाली की आपोआप थांबतंय, असं सगळेच म्हणायचे. ऐकायला बसताना मी तिला तो बोळा काढून ठेवायला लावायचो, नीट ऐकू यावं म्हणून. कानाला घाण वास यायचा. त्यासाठी खोलीत उदबत्ती लावायचो.

एकदा ती म्हणाली, "पप्पा, ह्यो डाव्या हाताचा वाजून न्हाई राह्यला."

मला तर दोन्ही स्पीकर ठीक वाटत होते. पण मुंबईच्या त्या दुकानदारानंच सांगितलं होतं की वय वाढलं की आपला कान बोथट होतो, लहान मुलांना जास्त बारीक ऐकू येतं. म्हणून मी माझ्या कानावर नव्हे, तिच्या कानावर विश्वास ठेवला. आमच्याकडचं व्होल्टेज तर कधी दिवा मिणमिणायचा, कधी बल्ब उडायचा असलं. त्यानंच काहीतरी जळलं असणार. डावा स्पीकर गोणपाटात गुंडाळून ट्रकनं मुंबईला पाठवला. महिन्यानं परत आला, काही बिघाड नाही म्हणून. पोरीला बसवलं. "डावा न्हाई वाजत." मी तिच्यावर ओरडलो, नीट ऐक म्हणालो. ती मान खाली घालून बसली.

मग मुंबईचा दुकानदार म्हणाला, वायर बदला. परदेशी वायर आणायला मी स्वतः मुंबईला गेलो. दोन दिवसांनी परत येऊन, तोंडही न धुता ती जोडली आणि विचारलं, "आता?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "हो पप्पा. आता दोन्ही वाजतेत."

मी तिला उचलून घेतलं आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर सव्वा वर्ष मी खुशीत गाणी ऐकली. मास्तर एकदा दुकानावर येऊन म्हणाले, पोरगी हाक मारली तर ओ देत नाही. मी म्हणालो, "लक्ष नसंल तिचं."

एका उन्हाळ्यात अॅम्प्लिफायर बंद पडला. मुंबईवाला लवकर यायला तयार नव्हता, म्हणून नाइलाजानं जालन्याहून रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बोलावले. असल्या यंत्राला त्यांनी हात लावावा हे मला पसंत नव्हतं. त्यांनी तासाभरात फ्यूज बदलून गाणं सुरू केलं आणि पोरीला विचारलं, "बेटा, दोन्हीकडून बराबर येतंय?" तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मान हलवली. चाचांनी ते पाहिलं. म्हणाले, "शेठ, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी तिला पुन्हा विचारलं. तिनं डाव्या स्पीकरकडं बोट केलं, हा वाजत नाही. चाचांनी ती बसली होती ती खुर्ची तशीच उचलून उलटी फिरवली. आता तिचं तोंड भिंतीकडं होतं.

"अन् आता?"

तिनं पुन्हा डाव्या हाताला बोट केलं. तिथं आता उजवा स्पीकर होता.

"मशीन बिलकुल ठीक हाये," चाचा म्हणाले. त्यांनी मजुरी घेतली नाही.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वास येत होता का?" मी हो म्हणालो. उदबत्तीचं सांगितलं नाही. आतलं हाड कुजलं होतं, कीड थेट मेंदूपर्यंत जाण्याच्या बेतात होती. ऑपरेशन करावंच लागलं. जीव वाचला, कान गेला. वर्षभर आधी आणलं असतं तर कदाचित कानही राहिला असता, असं ते म्हणाले. ते कदाचित मी आजवर गिळू शकलेलो नाही.

पोरीच्या डोक्याला पट्टी होती. मी कॉटच्या डाव्या अंगाला बसून तिच्याशी बोलत होतो आणि ती छताकडं बघत होती. मग उठून उजवीकडं गेलो. विचारू नये ते विचारलं. "बाई, तू त्या दिवशी दोन्ही वाजतेत असं का म्हणालीस?"

"न्हाई म्हणलं असतं," ती म्हणाली, "तर मंग तुम्ही मला तिथं बसू दिलं नसतं."