आखूड कणसाची बाजरी

परदेशी मदत म्हटलं की आपल्याला गोरा हातच दिसतो. पोत्यावर छापलेला झेंडा, आत दुधाची पावडर आणि फोटोसाठी रांगेत उभी केलेली पोरं. मेहरूणला राहून मी पत्रकं लिहायचो तेव्हा अशा फोटोंवर भरपूर तोंडसुख घेतलंय, अजूनही घेईन. पण शिंदखेडा तालुक्यात एक बाजरी आली, तिच्याबद्दल कुणी चार ओळी छापल्या नाहीत, याचाही मला तितकाच संताप आहे. कारण ती कुठल्या श्रीमंत देशाने दिली नव्हती. ती आली पश्चिम आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या, आपल्याहूनही गरीब देशातल्या शेतकऱ्यांच्या घरातून.

त्या वर्षांत आमच्याकडच्या संकरित बाजरीवर गोसावी रोग पडायचा. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा. बियाणं दरवर्षी दुकानातून नवं आणायचं, आणि दरवर्षी जटाच बघायच्या. हैदराबादकडे एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र होतं. देशोदेशीच्या बाजऱ्या तिथे गोळा केलेल्या. त्यांतली ही आफ्रिकेची आपल्या शेतांत तपासली, तर गोसावी तिच्यापुढे टेकला. आणि संकरित नसल्यामुळे पेरा, राखा, पुन्हा पेरा. दुकानदाराचं तोंड बघायला नको.

आम्हा कार्यकर्त्यांची मोहीम एवढीच होती, की हे बियाणं गावानेच तयार करावं. आधी बियाण्याच्या प्लॉटसाठी जमीन कोण देणार, हा प्रश्न. बाप्ये मिशा कुरवाळत बसले. एक अक्का उठल्या. घरचा कारभार एकहाती बघणाऱ्या. गावाजवळचं सगळ्यात चांगलं वावर त्यांनी दिलं. त्यांचे थोरले चुलत दीर, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, ते पारावरून म्हणाले, "भाकरनं वावर परीक्षाले बसाडं! नापास व्हयनं म्हंजे?"

"मंग तुमी हासज्यात," अक्का म्हणाल्या.

नापास होणं सोपं होतं. मागच्या साली त्या वावरात संकरित बाजरी होती. तिचे सांडलेले दाणे उगवून आले होते. ती झाडं फुलायच्या आत उपटायची, नाहीतर त्यांचा पराग उडून सगळं बियाणं भेसळ. बियाणं प्रमाणित करणारा सरकारी निरीक्षक बघायला येणार, आणि त्याने नाही म्हटलं की बियाणं गेलं, उरली नुसती भाकरीची बाजरी. पुढच्या खरिपाला गाव पुन्हा दुकानाच्या पायरीवर.

धुळ्याहून एक कृषीवाले सर सल्ला द्यायला यायचे. त्यांनी अक्कांना निरोप धाडला होता, "वेगळी दिसतील ती झाडं उपटा." अक्कांनी बाया लावून उपटायला सुरुवात केली. मग सर स्वतः आले. बरोबर एक पाहुणा, उंच, काळाभोर, धूळ बसलेले बूट. त्या चिमुकल्या देशाचाच. हैदराबादच्या केंद्रात शिकायला आलेला. त्यांच्यावर राज्य करून गेलेला साहेब फ्रेंच बोलायचा, आमच्यावरचा इंग्रजी. त्यामुळे पाहुण्याचं इंग्रजी आमच्याइतकंच अडखळायचं आणि आम्हाला बरं वाटायचं.

बाया काम थांबवून बघत राहिल्या.

"अक्का, याले आपली भाकर चालस का व?"

"बाजरी त्यास्नीच शे ना बाई. तुले चालस, मंग त्याले का नही?"

पाहुणा वावरात शिरला, आणि हसायलाच लागला. सरांचा चेहरा मात्र उतरला. बायांनी आखूड, जाड कणसांची झाडं उपटून बांधावर टाकली होती आणि लांब कणसांची राखली होती. आफ्रिकेची होती ती आखूड. लांब ती भेसळ.

"अहो, काय केलंत हे!" सर ओरडले.

"लांब कनीस ते बियानानं," एक म्हातारी ठामपणे म्हणाली. "मनी सासू तेच राखे. आखूड कनीस कोन राखस?"

सरांनी पाहुण्याला ते इंग्रजीत सांगितलं. तो आणखी हसला. म्हणाला, माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. आमच्याकडेही लांब कणसाच्या बाजऱ्या आहेत, दिसायला राजबिंड्या. पण त्या उशिरा येतात. ही आखूड आधी पिकते. कणग्या रिकाम्या असतात, नवं धान्य अजून शेतात असतं, त्या दिवसांत लेकरांच्या तोंडात पहिला घास हिचा पडतो. म्हणून आमच्या बायांनी ही पिढ्यान्‌पिढ्या जपली.

सरांनी ते बायांना मराठीत सांगितलं. आखाड-श्रावणातली रिकामी कणगी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी तोवर जागतिक अन्नसुरक्षेवर बरीच भाषणं ऐकली होती. भुकेच्या महिन्याचा विचार करून जपलेलं हे कणीस त्या सगळ्यांना भारी होतं. कोण होत्या त्या बाया? त्यांचा सत्कार कुणी केला? कुणीच नाही.

पाहुणा लांब कणसं तळहातावर झटकत पुढे गेला. त्यांतली बरीचशी अजून फुलली नव्हती. पण बांधाकडच्या पट्ट्यात त्याच्या हातावर परागाची पिवळी भुकटी उतरली. त्याने मान हलवली. या पट्ट्यातलं बियाणं गेलं, म्हणाला.

सर माझ्याजवळ सरकून पुटपुटले, "निरीक्षक आत शिरत नाही. लांबची उपटून टाकली की चालून जाईल."

माझं डोकं तडकलं. मी तोंड उघडणार, तोच अक्कांनी विचारलं, "काय म्हनतस सर?"

 मी सांगून टाकलं.

अक्का पट्ट्याकडे बघत राहिल्या. तिथली बाजरी सगळ्यात जोमदार होती, गाळाची जमीन. मग म्हणाल्या, "दुकानवाला फसाडस त्याले आपन शिव्या देतस. मंग मी कोन?" आणि बायांकडे वळल्या, "हाऊ पट्टा कापा. म्हशीस्ले घाला. बाकीना वावरमा लांब दिसनं का उपटा."

पहिलं भरदार झाड त्यांनीच उपटलं. म्हातारीने कपाळावर हात मारला, पण दुसरं तिने उपटलं. पाहुण्याने विळा मागून घेतला आणि बायांच्या रांगेत पट्टा कापायला लागला. हात सफाईदार होता. "याले सालदार ठेवा अक्का!" कुणीतरी ओरडलं. सरांनी 'वर्षभराचा गडी' असं भाषांतर केलं तेव्हा तो म्हणाला, आधी आईला विचारावं लागेल. शेवटी सरांनीही बाह्या सरसावल्या, हे लिहायलाच हवं.

निरीक्षक आला तो बांधावर थांबला नाही, सरळ आत शिरला. कापलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय?"

"भेसळ व्हती साहेब. म्हशीस्नी खादी."

तो सगळं वावर फिरला आणि प्लॉट पास केला.

बियाणं हवं होतं त्याहून कमी निघालं. अक्कांनी आधी उपटणाऱ्या बायांना दिलं. मग नाना आले, पारावर बसल्यासारखे ओट्यावर टेकले आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले.

"माले बी थोडं देशी का?" शेवटी म्हणाले.

"देसू ना. पन नाना, लांब कनीस दिसनं ते उपटशात ना?"

नाना लगेच हो म्हणाले नाहीत. अक्का माप हातात धरून थांबल्या.

"उपटसू," नाना म्हणाले, तेव्हाच अक्कांनी ते ओतलं.