घंटा आधी, मास्तर मागाहून

विनोदिनीचं ऑफिस पेडण्याच्या बाजारात, पदेराच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना चढताना गरम पावाचा वास येतो. वर एक टेबल, दोन संगणक आणि सतत गार झालेला चहा. बाहेर पाटी नाही. विचारलं तर म्हणते, "ज्यांका काम आसा, ते येतत." मला हे पटत नाही. धंदा मांडला तर पाटी हवी. पण तिला सांगायला जाऊ नये. शाळेत मी तिचा गणिताचा मास्तर होतो, तेव्हाही ती ऐकायची नाही.

ती वेब सेवा बनवते. तुम्ही फोनवरून काही विचारता, तेव्हा दुसऱ्या टोकाला उत्तर देणारं काहीतरी लागतं, ते ती लिहिते. इब्रामपूरची मुलगी, आमच्या कोरगावात दिलेली. पणजीच्या एका कंपनीतली सहा वर्षांची नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा तिला वेड लागलं असं म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. मोपा विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांची पाळी, देवळाच्या सभागृहाचं बुकिंग, पाण्याचा टँकर कुठे पोचला, अशी गावातली कामं ती करते. कंपनीतली अवजड सामग्री तिने तिथेच सोडली. "पेज शिजवूक लग्नाचो टोप कित्याक?" असं तिचं म्हणणं.

तिची पद्धत हलकी आहे. एक दार, आणि दारापासून आत ओळीने उभी केलेली 'मधली माणसं'. आलेला निरोप पहिला माणूस बघतो आणि पटला तर पुढे धाडतो. मग दुसरा बघतो. ज्याला पटत नाही तो तिथूनच परत पाठवतो. एकेक माणूस म्हणजे दहा-बारा ओळींचं लिखाण. कोणाला कोणाच्या आधी उभं करायचं, यातच सगळं डोकं.

या माणसांना तिने आमच्या गावातली नावं दिली आहेत. ओळख विचारणारा तो शंभू, कारण आमचा शंभू देवळाच्या दारात "कोणाचो रे तू?" असं विचारल्याशिवाय सोडत नाही. नोंद ठेवणारी ती विनिता, कारण तिठ्यावरच्या दुकानातली विनिता कोण कधी गेलं ते मिनिटासकट सांगते. आणि अशक्य वाटेल ते फेकून देणारा तो मास्तर. पेपर तपासताना बापाचं वय दीडशे आलं की मी पुढे वाचायचो नाही, सरळ फुली मारायचो. हे तिने लक्षात ठेवलं होतं. मी वरवर नाक मुरडलं, आतून खूश झालो.

आता मानशीची गोष्ट. कोरगावची खाजन शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, मध्ये मातीचा बांध. बांधातला लाकडी दरवाजा म्हणजे मानस. रोजच्या भरतीला तो आपोआप मिटतो, पण उधाणाला वर फळ्या चढवाव्या लागतात, नाहीतर खारं पाणी वरून शेतात पडतं. हे काम बाबाजीचं. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, तरी प्रत्येक उधाणाला चिखल तुडवत बांधावर हजर. बांधाला लागूनच त्याचा कोरगुट भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा. अर्ध्या गावाचं बियाणं त्या एका कुणग्यातून येतं.

बाबाजीची फेरी वाचावी म्हणून विनोदिनीने मानशीवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र लावलं. ते दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतं. आकडा शंभूकडे, विनितेकडे, मग मास्तरकडे जातो आणि शेवटी घंटेकडे. चार फुटांच्या वर पाणी गेलं की घंटा तेवीस जणांचे फोन वाजवते. मास्तर मध्ये हवाच होता, कारण खांबावर बगळा बसला तरी यंत्र काहीही आकडा सांगायचं. अशक्य म्हणजे किती, असं तिने मला विचारलं. मी खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेचा सचिव. "पाच फूट," मी ठणकावून सांगितलं. "मानशीवर पाच फूट पाणी चढलेलं मी जन्मात बघितलं नाही." बघितलं नाही हे खरंच होतं. कारण उधाणाच्या वेळी मी कधी बांधावर गेलोच नव्हतो.

ऑगस्टच्या अमावास्येला वरच्या अंगाला पाऊस झोडपत होता. नदी भरून खाली आली आणि तेव्हाच भरती वर आली. सव्वापाच फूट. घंटा वाजेल या भरवशावर बाबाजी घरी बसला होता. पाणी भराभर चढलं, म्हणून चार ते पाचमधला एकच आकडा आला असता, पण त्या वेळी यंत्राला रेंज मिळाली नाही. पाचावरचे सगळे आकडे मास्तरने फुली मारून परत पाठवले. घंटा वाजली ती पाणी उतरायला लागल्यावर, शेत बुडून गेल्यावर. बाबाजीच्या कुणग्यात दोन दिवस खारं पाणी उभं राहिलं आणि निम्मं बियाणं गेलं.

देवळात संघटनेची सभा भरली. यंत्र काढून टाका, असं चौघांनी एकदम म्हटलं. विनोदिनी उभी राहिली. तिने विनितेची नोंद वाचून दाखवली. अकरा आकडे, अकरा वेळा परत. "यंत्रान बरोबर सांगितलां. चूक माझी. चाळण मी घंटेच्या आधी ठेवलंय," ती म्हणाली. आकडा कोणी दिला, ते तिने सांगितलं नाही. मी तिथेच समोर, सभेचं वृत्त लिहीत बसलो होतो. 'चूक विनोदिनीची' एवढंच वहीत उतरवलं. पुढच्या उधाणापर्यंत यंत्र राहू दे, असं बाबाजीच म्हणाला, म्हणून ते राहिलं.

तिने फक्त दोन माणसांच्या जागा बदलल्या. घंटा आधी, मास्तर मागाहून. आकडा कितीही विचित्र असो, फोन वाजणारच. मास्तरने फुली मारली तर पाठोपाठ दुसरा निरोप येणार: 'आकड्याबद्दल शंका आहे, जाऊन बघा.' एकदा बगळ्यापायी दहा माणसं धावली आणि तिला शिव्या घालत परतली. तिने ऐकून घेतल्या.

सप्टेंबरच्या उधाणाला दुपारी तेवीस फोन वाजले. पाच फूट एक इंच. या वेळी मीही धावलो. बाबाजी वरून सांगत होता आणि आम्ही फळ्या चढवत होतो. पाणी फळ्यांना घासून माघारी गेलं. कुणग्यात उरलेलं बियाणं वाचलं. विनोदिनी गुडघाभर चिखलात उभी राहून हसत होती. शिकवण्याच्या तीस वर्षांत मला कोणाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिची माडी चढलो. "मला काढून टाकलंस की नाही?" मी विचारलं.

"तुमका काढून कसां चालात, मास्तर? शंका घेवक कोण तरी होयोच."

तिने पडद्यावर मास्तरच्या ओळी दाखवल्या. वर पूर्वीचीच टीप होती: 'पाच फूट हा आकडा मी स्वतः तपासला नाही. विनोदिनी.' मी म्हटलं, तिथे माझं नाव घाल. ती म्हणाली, बाबाजीला न विचारता तो आकडा मीच लिहिला ना.

मला राहवलं नाही. तसाच बाबाजीकडे गेलो. तो अंगणात वाचलेली कणसं निवडत होता. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तो आकडा माझा होता आणि सभेत मी गप्प बसलो.

बाबाजीने मान वर केली नाही. "माका त्याच दिसा कळलां. पाण्याक पाच फूट अशक्य, असां म्हणणारो गावात दुसरो कोण आसा?" मग पुढचं कणीस उचलत म्हणाला, "सगळ्यांकच कळलां. तिका वाटलां, कोणाकच कळूक नाय. तरी ती उबी रवली."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि कणसं निवडू लागलो. सभेचं वृत्त अजून माझ्याच वहीत आहे. पुढच्या सभेत ते वाचताना एक ओळ वाढवायची आहे, तीही उभं राहून.